देवगिरी (दौलताबाद)

महाराष्ट्रातील एक मध्ययुगीन गिरिदुर्ग. छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) वेरूळकडे जाताना सुमारे १५ किमी. अंतरावर, सपाट मुलखात एकाकी उभ्या असलेल्या शंकूच्या आकाराच्या टेकडीवर हा किल्ला आहे. टेकडीचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून त्याचा सरळसोट कडा केला असून त्याच्या पायथ्याशी कातळात खंदक खोदला आहे. त्यामुळे बालेकिल्ल्यावर थेट चढाई करणे जवळजवळ अशक्य होते. तरीही यादवांपासून निजामापर्यंत याचे मालक वारंवार बदलले आणि त्यामागे बहुधा उपासमार, फितुरी, दरबारी कलह किंवा तह हीच कारणे होती.

कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारणाऱ्या पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे यादवांची राजधानी केली. सिंघणाच्या कारकिर्दीत राज्याचा विस्तार सर्वाधिक झाला, तर ज्ञानेश्वरीत ज्याचा उल्लेख येतो तो रामचंद्र १२७१ मध्ये गादीवर आला. १२९६ मध्ये कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन खलजी दिल्लीच्या सुलतानाला अंधारात ठेवून देवगिरीवर चालून आला, तेव्हा यादवांचे मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर होते. रामचंद्राने गडाचा आश्रय घेतला. परंतु धान्याची म्हणून वर नेलेली पोती मिठाची निघाली, असे फार्सी इतिहासकार फिरिश्ता सांगतो. फिरिश्ता तीन शतकांनंतरचा असल्याने ही हकिकत जपूनच घ्यावी लागते. गडावरची शिबंदी अपुरी होती आणि रामचंद्राला जबर खंडणी द्यावी लागली, एवढे मात्र निश्चित. त्याच लुटीच्या बळावर अलाउद्दीनने त्याच वर्षी दिल्लीचे तख्त मिळवले. पुढे अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याच्या स्वाऱ्या झाल्या, रामचंद्र दिल्लीचा मांडलिक बनला आणि त्याचा जावई हरपाळदेव याचे बंड मोडून अलाउद्दीनचा मुलगा सुलतान मुबारक खलजी याने यादवसत्ता संपवली.

दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक याने १३२७ मध्ये येथे राजधानी आणून दौलताबाद हे नाव रूढ केले. तो प्रयोग फसला, पण दिल्लीहून आलेले अनेक सरदार आणि सूफी दख्खनेत राहिले. त्याच्याच अमिरांनी पुढे बंड करून गड बळकावला. सुलतानाने स्वतः वेढा घालूनही बालेकिल्ला हाती आला नाही आणि गुजरातेतील उठावामुळे त्याला निघून जावे लागले. १३४७ मध्ये बहमनी राज्याचा संस्थापक हसन बहमनी याचा राज्याभिषेक येथेच झाला. राजधानी मात्र त्याने गुलबर्ग्याला नेली. पायथ्याचा चाँदमिनार बहमनी काळातला आहे.

बहमनी राज्य फुटल्यावर अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद निजामशहा याने अहमदनगरहून ऐन सुगीत भोवतालची शेते उद्ध्वस्त करून गडाला जेरीस आणले आणि १४९९ मध्ये तो घेतला. निजामशाहीत संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी येथे किल्लेदार होते, अशी परंपरा आहे. १६२९ मध्ये याच गडावर निजामशहाने लखुजी जाधवरावांना त्यांच्या मुलांसह दरबारात ठार करविले. जिजाबाईंचे वडील असलेले लखुजी देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवत. पूर्वजांच्या राजधानीतच त्यांचा असा शेवट झाला. या खुनानंतर शहाजीराजांनी निजामशाहीची चाकरी सोडली. १६३३ मध्ये मोगल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून खालचे तट फोडले, आणि रसद संपल्यावर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचा मुलगा फतेहखान याने वरचा भाग त्याच्या स्वाधीन केला.

खालच्या तटांचे अंबरकोट, महाकोट आणि कालाकोट असे थर आहेत. ते ओलांडून खंदकावरचा अरुंद पूल पार केला की कातळाच्या पोटातली ‘अंधारी’ लागते. वळणे घेत वर चढणाऱ्या या भुयारात भरदुपारीही पायरी दिसत नाही. वरच्या तोंडावर लोखंडी झडप असे. तिच्यावर आग पेटवली की धूर आणि धग भुयारात कोंडून शत्रू अडत असे. मेंढ्याचे मुख असलेली मेंढा तोफ आणि माथ्याजवळची मोगलकालीन बारादरी आजही पाहता येते.

मोगलांनी गडाचा उपयोग तुरुंग म्हणूनही केला. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला चिनी महालात ठेवले गेले आणि तो कैदेतच मरण पावला. नंतर गड हैदराबादच्या निजामाकडे आला. १७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतरच्या तहात तो मराठ्यांना मिळाला आणि १७९५ च्या खर्ड्याच्या तहातही देण्याचे ठरले, पण मराठ्यांचा ताबा टिकला नाही. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत गड निजामाच्या राज्यातच होता. विलीनीकरणानंतर पायथ्याच्या जामा मशिदीत भारतमातेची मूर्ती बसवण्यात आली. या मशिदीचे खांब जुन्या मंदिरांतील आहेत. सध्या किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे.