बेंट फॅब्रिक आणि गल्लीतली मांजर

१९६३ साली ‘सर्वोत्कृष्ट रॉक अँड रोल ध्वनिमुद्रण’ या गटातली ग्रॅमी गेली ती एका डॅनिश पियानोवादकाकडे. ‘अ‍ॅली कॅट’, म्हणजे गल्लीतली मांजर, या त्याच्या रचनेत ना गाणारा आवाज, ना दणदणाट. डावा हात ठुमकत चालतो, उजवा हात कण, म्हणजे शेजारच्या सुराचा निसटता स्पर्श, घेत घेत सुरावर येतो, बस्स. परीक्षकांना यात रॉक कुठे सापडला, देव जाणे!

वादकाचं पूर्ण नाव बेंट फॅब्रिसियस-ब्येरे. जन्म ७ डिसेंबर १९२४चा, फ्रेडरिक्सबर्गचा; हे गाव चहूबाजूंनी कोपनहेगनने वेढलेलं. ते ऐन पंधरा-सोळा वर्षांचे असताना, १९४०मध्ये, जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये घुसल्या. अमेरिकी जॅझ वादक येणं बंद झालं आणि मैफली स्थानिकांच्या हाती आल्या. पियानोवर लिओ माथिसन, व्हायोलिनवर स्वेन आस्मुसेन. नाझींना जॅझ खुपायचा, त्यामुळे तो ऐकण्यात वेगळीच खुमारी होती. डॅनिश जॅझचा सुवर्णकाळ म्हणतात तो हाच. युद्ध संपल्यावर बेंट यांनीही स्वतःचा जॅझ ताफा जमवला.

पण नुसत्या पियानोवर ते थांबले नाहीत. १९५०पासून ‘मेट्रोनोम’ या रेकॉर्ड कंपनीची डेन्मार्कमधली धुरा त्यांच्याकडे आली. पुढे डॅनिश टीव्हीवर त्यांचा कार्यक्रम गाजला. नाव ‘पियानोभोवती’ अशा अर्थाचं. ‘अ‍ॅली कॅट’चं मूळ डॅनिश नावही तेच. संगीतकार म्हणून त्यावर फ्रँक ब्यॉर्न असं नाव दिसतं. तेही बेंटच, टोपणनावाने. १९६२मध्ये ‘अ‍ॅटको’ या रेकॉर्ड कंपनीने ती अमेरिकेत काढली, तेव्हा तिथल्या जिभेला झेपावं म्हणून फॅब्रिसियसचं ‘फॅब्रिक’ झालं. इंग्रजीत ‘बेंट फॅब्रिक’चा अर्थ होतो वाकवलेलं कापड! रेकॉर्ड ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढली. मग कोंबडी, कुत्र्याचं पिल्लू अशी नावं घेऊन आणखी रेकॉर्डी आल्या, पण मांजरीची सर कुणालाच आली नाही.

डेन्मार्कमध्ये मात्र मांजरीइतकेच त्यांचे पडद्यावरचे सूर लोकांच्या कानात आहेत. १९६८पासून आलेले ‘ओल्सन टोळी’चे विनोदी चित्रपट आणि १९७८ ते १९८२ दरम्यानची ‘मॅटाडोर’ मालिका, दोन्हींचं संगीत त्यांचं.

२००६मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, त्यांच्या ‘ज्यूकबॉक्स’ या रेकॉर्डच्या रिमिक्समुळे हे आजोबा अमेरिकेतल्या डान्स क्लबांच्या यादीत झळकले. २८ जुलै २०२० रोजी, ९५व्या वर्षी ते गेले.