कुटुंब म्हणजे नेमकं कोण? सातबारा ते कर्जमाफी, थोडी पार्श्वभूमी

दर 15 मे ला जागतिक कुटुंब दिनाचे मेसेज आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतात. घर मजबूत तर जग मजबूत, घरात संस्कार असले की कर्ज, दारू, भांडणं, सगळं सुटतं वगैरे. हा दिवस 1994 पासून पाळतात, आणि 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही कुटुंबाला समाजाचा पायाच म्हटलेलं आहे. मला यातलं बरंचसं मनापासून पटतं. 2017 च्या हंगामात बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली आणि त्याच वर्षी यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेत माणसं गेली, तेव्हा कितीतरी घरं तरली ती दिल्या घरच्या बहिणींनी आणि बायकांच्या माहेरानं हात दिला म्हणून. पण कुटुंब कोणाला म्हणायचं ते प्रत्येक कागदात वेगळं निघतं, आणि घोळ सगळा तिथंच आहे.

फार मागचं सांगत बसत नाही. वऱ्हाडात कापसाचा पैसा 1860 च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळं आला, त्याच्या मागोमाग सावकारही आला, आणि बापाचं कर्ज पोराच्या डोक्यावर हा सिलसिला पक्का झाला. खराटा घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबा कीर्तनात सांगायचे की कर्ज काढून लग्न करू नका, पोरांना शिकवा. कुटुंबाच्या संस्काराबद्दल याहून नेमकं काही कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तरी लग्नाचं कर्ज आजही आहेच.

खरी सुरुवात माझ्या मते 1989 ची. त्या वर्षाच्या शेवटी अमरावतीला शेतकरी संघटनेच्या मेळाव्यात लक्ष्मीमुक्तीचा विषय निघाला. नवऱ्यानं आपल्या राजीखुशीनं वावरातला थोडा हिस्सा बायकोच्या नावावर करायचा, आणि गावातल्या शंभर घरांनी तसं केलं की ते गाव लक्ष्मीमुक्त. पुढं सरकारनं 1992 मधे परिपत्रक काढलं, नवऱ्याच्या अर्जावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. 1994 ला राज्याच्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाबरोबर हक्क दिला, 2005 ला तेच देशभर झालं. कागदावर घर मोठं झालं. वावरात राबणाऱ्या बाया, ज्यांच्या हातानं निंदण, वेचणी, सगळं होतं, त्यांचं नाव पहिल्यांदा लागू शकत होतं.

आता 2017 ची कर्जमाफी. याच्यावर जरा जास्त लिहितो, कारण कुटुंब या शब्दाचं सगळ्यात जास्त नुकसान इथं झालं असं मला वाटतं. माफी दीड लाखापर्यंत होती, पण ती माणशी नव्हती, कुटुंबाला होती, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि 18 वर्षांच्या आतली मुलं. दीड लाखाच्या वर कर्ज असलं तर वरची रक्कम आधी स्वतः भरायची, मग माफी. ऑनलाइन फॉर्मला नवराबायको दोघांनी जाऊन अंगठे द्यायचे, सेंटरवर लाइनी, लिंक नाही, पुन्हा उद्या या.

आता हिशेब पाहा. एकाच वाड्यात राहणारे, एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ, दोघांच्या नावावर वेगवेगळं कर्ज, तर ते दोन कुटुंबं, दोघं मिळून तीन लाखापर्यंत माफी. आणि ज्या घरानं लक्ष्मीमुक्तीचं ऐकून बायकोच्या नावावर दोन एकर केलं, तिनं स्वतःच्या खात्यावर एक लाख उचलले, नवऱ्यावर एक लाख वीस हजार, तर दोघांचे मिळून दोन लाख वीस हजार, म्हणजे आधी सत्तर हजार भरा. भावाला हिस्सा दिला तर दोन शेतकरी, बायकोला दिला तर एकच! तिजोरीवर बोजा नको, एकाच घरात दोनदा लाभ नको, असं त्यामागचं कारण सांगितलं जायचं, आणि ते अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण मग भावांना तोच नियम का नव्हता याचं उत्तर मला कधी पटलेलं नाही. 2018 मधे ओरड झाल्यावर कुटुंबाची अट काढून व्यक्तीला धरलं, आणि 2019 च्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात जी दोन लाखांची माफी जाहीर झाली तिच्यात सुरुवातीपासूनच व्यक्ती होती. तोवर ज्यांनी सत्तर हजारासाठी मंगळसूत्र गहाण टाकलं त्यांनी टाकलं.

त्याच 2019 मधे सुरू झालेल्या केंद्राच्या वर्षाला सहा हजारांच्या पीएम-किसान योजनेत मात्र पुन्हा नवरा, बायको, अल्पवयीन मुलं हेच कुटुंब. 2024 ला बहिणींसाठी दीड हजार महिना आला त्यात अडीच लाखांची उत्पन्नाची अट कुटुंबाला, आणि अविवाहित बहीण कुटुंबात एकच. मग रेशनकार्ड वेगळं करायला तहसीलला गर्दी. लोक म्हणतात घरं फुटत चालली, संस्कार गेले. काही घरं खरंच फुटली असतील, पण बरीचशी फक्त कागदावर फुटलीत, चूल अजून एकच आहे.

शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणांतही तेच. 2006 पासून एक लाखाची मदत, तीस हजार हातात, सत्तर हजार ठेव म्हणून. पात्र व्हायला नापिकी, बँक-सोसायटीचं कर्ज किंवा वसुलीचा तगादा यातलं कारण लागतं. पंचनाम्यात कोणी "घरगुती कारण" लिहिलं की फाइल अपात्र. पण सोसायटीची नोटीस आल्यावर रात्री नवराबायकोत जे भांडण होतं ते घरगुती की शेतीचं?

2025 ला बुलडाण्यातून निघालेली जिवंत सातबारा मोहीम एप्रिलपासून राज्यभर झाली, मेलेल्यांची नावं काढून वारसांची लावायला. आमच्याकडं आजोबांच्या नावाखाली तीन आत्यांची नावं पहिल्यांदा लागली, आणि आठवड्याभरात हक्कसोडीच्या सहीसाठी फोन सुरू झाले. मोठ्या आत्यानं सही केली नाही. दिवाळीला ती येईल की नाही यावर घरात महिनाभर बोलणं चाललं, शेवटी बाबा स्वतः तिला आणायला गेले.