घरगुती पाळणाघर आणि जेवणाची सरकारी भरपाई

अमेरिकेत घरी मुलं सांभाळणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: 'चाइल्ड अँड अडल्ट केअर फूड प्रोग्रॅम' या सरकारी योजनेकडून मुलांच्या जेवणाचे पैसे घेतले, की ते करातच जातात, मग नोंदींची कटकट कशाला?

चूक. भरपाई उत्पन्नात दाखवावी लागते हे खरं, पण मुलांच्या खाण्याचा खर्चही त्यातून वजा होतो. भरपाई न घेणाऱ्यालाही तेवढीच वजावट मिळते. हातात मात्र काहीच पडत नाही! आणि किराण्याच्या पावत्या? २००३ पासून त्याऐवजी ठरावीक दर लावता येतो: दर मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त एक नाश्ता, दोन जेवणं, तीनदा खाऊ. कोणतं मूल कोणत्या दिवशी किती तास होतं आणि त्यानं नाश्ता, जेवण, खाऊ यांतलं काय किती वेळा खाल्लं, एवढं टिपून ठेवायचं.

स्वतःच्या मुलांसाठीची भरपाई (कुटुंबाचं उत्पन्न कमी असेल तरच मिळते) तर करपात्रच नाही.