आधी ऊब, मग पाणी, शेवटी घास

दुकानातल्या खोक्यात दहाबारा जणांत दाबून ठेवलेलं किंवा आईबापांनी घरट्याच्या मडक्याबाहेर लोटलेलं पाळीव छोट्या पोपटाचं पिल्लू घरी आलं की पहिला हात दुधाच्या पातेल्याकडे जातो. दुधात कुस्करलेलं बिस्किट त्याच्या चोचीत घातलं जातं. दोन दिवसांत पिल्लू मरतं आणि ‘फारच अशक्त होतं’ म्हणून विषय संपतो. बऱ्याचदा ते अशक्तपणाने मेलेलं नसतं, गार अंगात घास गेल्यामुळे मेलेलं असतं.

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेच अंगभर लव घेऊन आणि पायांवर उभं राहत. बजरीगर, कॉकटेल, लव्हबर्ड या छोट्या पोपटांची पिल्लं आंधळी आणि जवळपास उघडी जन्मतात. (आपल्याकडे ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो बहुतेकदा बजरीगरच असतो.) पिसं येईपर्यंत त्यांना अंगातली ऊब टिकवता येत नाही. अंग थंडावलं की गळ्याखालच्या पिशवीचे, म्हणजे क्रॉपचे, स्नायू मंदावतात. घास पुढे सरकत नाही, तिथेच आंबतो आणि त्यात बुरशी वाढते. दुधाने तर आणखी बिघडतं, कारण दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही.

म्हणून आधी पिल्लाच्या पायांना हात लावून बघा. गार लागले तर खायला काहीही द्यायचं नाही. प्लॅस्टिकच्या टबात जुनं सुती कापड घाला, त्यावर टिश्यू पेपर अंथरा. टबाच्या अर्ध्याच भागाखाली हीटिंग पॅड ठेवा, किंवा एका टोकाला जाळीमागे २५ वॉटचा जुना तारेचा बल्ब लावा. एलईडी बल्बने ऊब मिळत नाही. दुसरं टोक गारच राहू द्या, म्हणजे जास्त तापलं तर पिल्लू तिकडे सरकेल. थर्मामीटर पिल्लाच्या उंचीवर हवा. नुकतं जन्मलेलं असेल तर ३५ ते ३६ अंश, पिसांचे कोंब फुटले असतील तर ३० च्या आसपास आणि पिसं भरली की २५-२६ अंश पुरतात.

मराठवाड्यात अडचण दोन्ही बाजूंनी येते. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडे पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली तर तासाभरात टब थंड पडतो. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून हाताशी ठेवावी. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा पॅड बंदच करावा लागतो. पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल तर ते तापलेलं आहे. खालच्या मजल्यावरची सावलीची खोली निवडा आणि टबात जाळी लावलेली पाण्याची वाटी ठेवा, म्हणजे हवा कोरडी पडत नाही. कूलरचा झोत मात्र थेट टबावर नको. ओलसर वाऱ्यात पिसं नसलेलं पिल्लू उन्हाळ्यातही गारठतं.

पाय कोमट झाले की पाणी. निरोगी पिल्लाची कातडी फिकट गुलाबी आणि मऊ असते. पाणी कमी पडलेल्याची कातडी गडद लाल आणि सुरकुतलेली दिसते, हाडांना चिकटल्यासारखी, आणि चोचीत लाळेच्या तारा ओढल्या जातात. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यातच मिसळा. घट्ट केलं तर उलट अपाय होतो. २० ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी १ मिली, असं तासा-दीड तासाने दोनदा.

त्यानंतर घास. पिल्लांसाठीचा तयार फॉर्म्युला मिळाला तर उत्तम. रात्री-अपरात्री मिळाला नाही तर एका रात्रीपुरती शिजवून गाळलेली मुगाची पेज आणि त्यात उकडलेल्या अंड्याचा थोडा पिवळा बलक चालतो. मीठ नको. घास ३९ ते ४१ अंश गरम हवा, आणि तो थर्मामीटरनेच मोजा, बोटाने नाही. ४३ च्या वर गेला तर क्रॉप आतून भाजतो आणि ते कळेपर्यंत चारपाच दिवस गेलेले असतात. मायक्रोवेव्हमध्ये घास सगळीकडे सारखा तापत नाही, म्हणून वाटी गरम पाण्यातच ठेवावी.

प्रमाण वजनाच्या दहाव्या भागाइतकं. ४० ग्रॅमच्या कॉकटेलला ४ मिली. सुई काढलेली सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूने घालून उजवीकडे रोखायची, कारण श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशी मधोमध असतं आणि अन्ननलिका उजवीकडे. पिल्लू डोकं वरखाली हलवत स्वतः ओढू लागलं तरच दांडा दाबायचा. ते हलत नसताना दाबला तर घास फुप्फुसात जातो. भरलेला क्रॉप अर्धवट फुगवलेल्या फुग्यासारखा मऊ लागला पाहिजे, ताणलेला नाही. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, तिसऱ्या आठवड्यात चार-पाच तासांनी द्यावं. चोवीस तासांत एकदा, शक्यतो पहाटे, क्रॉप पूर्ण रिकामा झालाच पाहिजे. झाला नाही, किंवा चोचीला आंबूस वास आला, तर वर दुसरा घास लोटू नका. घास थांबवून पशुवैद्यांकडे न्या. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

रोज सकाळी, पहिल्या घासाआधी वजन करा. पिसं फुटायच्या वयात एखाद्या दिवशी वजन वाढलं नाही, तर काहीतरी चुकतंय. डोळ्यांना ते दोन-तीन दिवस उशिरा दिसतं.

फाकलेले पाय हा दुर्लक्षाचाच पुरावा. भुसा न घातलेल्या गुळगुळीत मडक्यात पिल्लाला पकड मिळत नाही आणि मांड्या बाहेर वळतात. आईला नुसती कांगणी (राळ्याचे दाणे) मिळाली असेल तर कॅल्शियमअभावी हाडंही मऊ राहतात. पहिल्या दोन आठवड्यांत मऊ चिकटपट्टीने दोन्ही पाय नैसर्गिक अंतरावर बांधले, दर दोन दिवसांनी पट्टी बदलली, तर पाय बरेचदा सरळ होतात. महिन्यानंतर हाड घट्ट होतं, मग फार काही करता येत नाही. जोडीच्या पिंजऱ्यात कॅल्शियम देणारा समुद्रफेस (कटलबोन) टांगला असता तर निम्मं दुखणं टळलं असतं. तो आयुर्वेदिक दुकानातही मिळतो.

खोक्यात हिरवा राघू निघाला तर गोष्ट वेगळी. तो आपला रानातला पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळता येत नाही. ऊब द्या आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

नवं पिल्लू घरच्या पक्ष्यांपासून किमान महिनाभर वेगळ्या खोलीत राहू द्या. पोपटवर्गीय पक्ष्यांचा एक फुप्फुसांचा आजार माणसालाही होतो, म्हणून विष्ठा साफ करताना तोंडावर रुमाल बांधा आणि हात साबणाने धुवा.

बजरीगर साधारण पाचव्या आठवड्यात उडू लागतो, कॉकटेलला जरा जास्त वेळ लागतो. तेव्हा राळ्याची कणसं, भिजवून मोड आणलेली बाजरी आणि शेवग्याचा पाला टबाच्या तळाशीच पसरा. पिल्लू आधी नुसतं कुरतडून टाकतं, खात नाही. त्या कुरतडण्यावर विसंबून संध्याकाळचा घास तोडला की ते उपाशी झोपतं. सकाळी क्रॉपवर बोट फिरवल्यावर आत दाणे वाळूसारखे हाताला लागू लागले आणि आठवडाभर वजन टिकलं, की मगच सिरिंज थांबवायची.