फर्ग्युसन महाविद्यालय : कारभार आणि अर्थव्यवस्था (१८८५–१९१९)

ब्रिटिश अमदानीत सरकारी नोकरांच्या बळावर नव्हे, तर एतद्देशीय शिक्षकांच्या संस्थेने चालविलेले पुण्यातील महाविद्यालय. मुंबई विद्यापीठाशी संलग्न, सरकारी अनुदान घेणारे, पण मालकी आणि दैनंदिन कारभार शिक्षकांच्याच हाती असलेले, अशी त्याची घडण होती. अशा महाविद्यालयाचा ताळेबंद नुसता पाहिला तर फी, अनुदान आणि देणग्या ही तीनच कलमे दिसतात. चौथे कलम कोणत्याही वहीत लिहिलेले नसे, आणि तेच सर्वांत मोठे होते : प्राध्यापकांनी न घेतलेला पगार. महाविद्यालयाची शिस्त, भांडणे, वाढ आणि अडचणी या सगळ्यांचे मूळ या चौथ्या कलमात सापडते.

पार्श्वभूमी. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे शिक्षणविषयक सरकारी धोरणपत्राने, खाजगी शाळा-महाविद्यालयांना अनुदान देण्याचे धोरण ठरविले. धर्मनिरपेक्ष शिक्षणाची सोय, जबाबदार स्थानिक व्यवस्थापन, सरकारी तपासणीस मान्यता आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना फी, या त्याच्या अटी होत्या. १८८२ च्या हंटर आयोगाने त्यापुढे जाऊन सरकारने उच्च शिक्षणातून हळूहळू अंग काढून घ्यावे आणि ते काम खाजगी संस्थांवर सोपवावे, अशी शिफारस केली. पुण्यात १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले होते. वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. या मंडळींनी १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २ जानेवारी १८८५ रोजी महाविद्यालय सुरू केले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे नाव त्यास दिले. नावाचा उपयोग देणगीदारांपुढे जाताना होई : गव्हर्नरचे नाव असलेल्या संस्थेच्या यादीत आकडा टाकायला संस्थानिक कचरत नसत.

पहिली काही वर्षे वर्ग शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात भरत. सुरुवातीस फक्त पहिल्या वर्षाचा, म्हणजे प्रीव्हियस परीक्षेचा वर्ग होता. वरचे वर्ग टप्प्याटप्प्याने जोडले गेले. हा क्रम पैशाच्या दृष्टीने शहाणपणाचा होता. पहिल्या वर्षाला विद्यार्थी सर्वांत जास्त आणि विषय सर्वसामान्य. वरच्या वर्गांना विद्यार्थी थोडे, ऐच्छिक विषय अनेक आणि प्रत्येक विषयाला स्वतंत्र माणूस. एकदम बी.ए.पर्यंतचे वर्ग उघडले असते तर पाच-सात मुलांपुढे एक प्राध्यापक, अशी स्थिती झाली असती. खालचा वर्ग वरच्याला पोसतो, हे लहान महाविद्यालयाच्या अर्थकारणाचे पहिले सूत्र होय.

आजीव सदस्य. संस्थेचा कणा म्हणजे आजीव सदस्यांचे मंडळ. सदस्याने २० वर्षे सेवेची प्रतिज्ञा करायची, मासिक ७५ रुपये घ्यायचे, आणि आपला पूर्ण वेळ संस्थेला द्यायचा. प्राचार्य असो वा नुकताच आलेला तरुण, पगार सारखाच. सदस्याच्या आयुर्विम्याचा हप्ता संस्था भरी आणि मुदत पुरी झाल्यावर अल्प निवृत्तिवेतन मिळे. नवा माणूस आधी शिक्षक म्हणून काम करी, मग सदस्य मंडळ मत घेऊन त्यास सामावून घेई. कोण कोणता विषय शिकवील, नवा वर्ग केव्हा उघडायचा, कोणाला रजा द्यायची, हे मंडळ ठरवी. मंडळाच्या वर देणगीदारांचे व सन्मान्य गृहस्थांचे प्रतिनिधी असलेली नियामक सभा असे. तिच्यात युरोपीय शिक्षणतज्ज्ञही असत. डेक्कन कॉलेजचे प्राचार्य सेल्बी यांनी या कामात दीर्घकाळ लक्ष घातले. जवळच्याच सरकारी महाविद्यालयाचा प्रमुख आपल्या सभेत बसवणे हे धोरण म्हणून फार उपयोगाचे होते. सरकारदरबारी हिशेबाला आणि शिस्तीला त्याच्या शब्दाने वजन येई.

आता आकडे मांडून पाहू. ७५ रुपयांप्रमाणे एका सदस्याचा वर्षाचा खर्च ९०० रुपये. दहा सदस्यांचा ९,०००. त्याच काळात इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे सरकारच्या वरिष्ठ शिक्षणसेवेत, दाखल होणाऱ्या युरोपीय प्राध्यापकाचा पगार महिना ५०० रुपयांपासून सुरू होई, म्हणजे वर्षाला ६,०००. सरकारी महाविद्यालयातील असा एक प्राध्यापक म्हणजे फर्ग्युसनचे साडेसहाहून अधिक. एतद्देशीय पदवीधराला सरकारी खात्यात एवढा पगार सहसा मिळत नसे, हे खरे. तरी त्याग मोठाच होता. तोच ठेवीच्या भाषेत मांडला की नीट कळतो. १८९४ मध्ये सरकारी रोख्यांचे व्याज ४ टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर आले. वर्षाला ९०० रुपये व्याजातून काढायचे, तर ४ टक्क्यांनी २२,५०० रुपयांची ठेव लागे. साडेतीन टक्क्यांनी सुमारे २५,७००. म्हणजे व्याजदर अर्ध्या टक्क्याने घसरला की एका साध्या सदस्याच्या वेतनासाठी तीन हजारांहून अधिक रुपये नव्याने जमवावे लागत. ५०० रुपये पगाराचे एक पद ठेवीच्या व्याजावर चालवायचे, तर पावणेदोन लाखांच्या जवळपास भांडवल हवे. असे भांडवल पुण्यातल्या कोणत्याही खाजगी मंडळीकडे नव्हते. म्हणून माणसांनीच भांडवलाची जागा घेतली.

विम्याचा हप्ता ही चैन नव्हती. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये वारले. त्यांच्या जागी आलेले आगरकर दम्याने खंगून जून १८९५ मध्ये गेले. दोघांपैकी एकानेही चाळिशी गाठली नाही. तीन वर्षांत दोन प्राचार्य गमावलेल्या संस्थेत, ७५ रुपयांत काहीही शिल्लक न पडणाऱ्या माणसाच्या मागे त्याचे कुटुंब उघड्यावर पडू नये, यासाठी विमा हाच एक आधार होता. त्यांच्यानंतर महादेव शिवराम गोळे प्राचार्य झाले. १९०२ मध्ये ही धुरा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्याकडे आली. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तेथील पदवी-परीक्षेत, सीनिअर रँग्लर (सर्वप्रथम) ठरलेला हा पहिला भारतीय परत येऊन त्याच ७५ रुपयांवर रुजू झाला. या एका नेमणुकीने महाविद्यालयाचा जो लौकिक वाढला, तो जाहिरातीने किंवा इमारतीने वाढला नसता.

योजना कोठे उसवते. आजीव सदस्यत्वाच्या पद्धतीत तीन दोष होते आणि ते लवकरच वर आले.

पहिला दोष समान पगाराचा. अविवाहित तरुण आणि चार मुलांचा बाप यांना सारखीच रक्कम मिळे. १८८६ नंतर संसाराचा भार वाढलेल्यांना वाढ हवी होती. टिळकांचा त्यास विरोध होता, कारण एकदा गरजेप्रमाणे पगार सुरू झाला की त्यागाचे माप प्रत्येकाचे वेगळे होणार. दोन्ही बाजूंत तथ्य होते. नुसत्या ध्येयवादाने हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. तो नियमांत आधीच लिहून ठेवायला हवा होता.

दुसरा दोष बाहेरच्या कामाचा. पगार अपुरा, म्हणून पाठ्यपुस्तके लिहिणे, वृत्तपत्र चालविणे, सार्वजनिक संस्थांची चिटणिशी करणे या वाटा खुल्या राहिल्या. आपट्यांचे कोश व व्याकरणाची पुस्तके, दुसरे आजीव सदस्य गोपाळ कृष्ण गोखले यांचे अंकगणित ही कामे विद्यार्थ्यांच्या उपयोगाचीच होती. पण ‘पूर्ण वेळ’ म्हणजे नेमका किती, याची व्याख्या नियमात नव्हती. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे, म्हणजे पुण्यातील राजकीय संस्थेचे, चिटणीसपद घेतले, त्यावरून मतभेद विकोपाला गेले आणि टिळकांनी राजीनामा दिला. सामाजिक सुधारणेवरून आगरकरांशी पडलेली दरी त्यामागे होतीच. तथापि राजीनाम्याचा मुद्दा मांडला गेला तो सदस्यांच्या कर्तव्याचा.

तिसरा दोष जागा भरण्याचा. २० वर्षांची प्रतिज्ञा करणारा माणूस बाजारात जाहिरात देऊन मिळत नाही. टिळक गेल्यावर गणिताचा विषय उघडा पडला. गोखल्यांच्या ओळखीतून मुंबईहून धोंडो केशव कर्वे यांना बोलावले गेले. ते १८९१ मध्ये आले आणि १९१४ पर्यंत त्यांनी गणित शिकविले. ओळखीतून आलेला माणूस चांगला निघाला हे महाविद्यालयाचे भाग्य. एरवी अशा वेळी उरलेल्यांवर तासांचा बोजा पडे आणि कोणी विषय बदलून शिकवी. स्वतः गोखल्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे अनेक विषय हाताळले. लहान महाविद्यालयात एका विषयाला एकच माणूस असतो; तो आजारी पडला की विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा तेवढा भाग परीक्षेपर्यंत अपुरा राहतो, आणि निकालात तो दिसतो.

फी आणि टर्म. रोजचा खर्च मुख्यतः फीवर चाले. विद्यापीठ फक्त परीक्षा घेई, शिकविणे महाविद्यालयाचे. परीक्षेला बसण्यासाठी विद्यार्थ्याने ठरावीक हजेरी देऊन ‘टर्म भरली’ असल्याचा प्राचार्यांचा दाखला लागे. वसुलीचे खरे हत्यार हाच दाखला. प्रीव्हियसला, पुढे इंटरला (बी.ए.च्या आधीच्या परीक्षेला), मुले मोठ्या संख्येने नापास होत. ती पुन्हा बसली तर फी येई, गावी परतली तर वरचा वर्ग रिकामा राही. त्यामुळे पुढच्या वर्षीचे उत्पन्न निकाल लागेपर्यंत सांगता येत नसे. हुशार पण गरीब मुलांना नादारी देणे भाग होते. नादारीचे प्रमाण वाढले की तोटा देणगीतून भरून काढावा लागे.

१८९७ पासून प्लेगने हे गणित वारंवार मोडले. पुण्यात साथ आली की शहर रिकामे होई, वर्ग बंद पडत, बाहेरगावची मुले येत नसत. फी थांबे, पण पगार, शिपायांचे वेतन आणि विम्याचे हप्ते थांबत नसत. त्यातच १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनी देणगीदारांचेही हात आखडले. अशा वर्षांसाठी राखीव निधी असणे अगत्याचे, आणि लहान संस्थेत नेमके तेच नसते : हातात चार पैसे आले की ते इमारतीत जातात.

देणग्या. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिक, त्यांत विशेषतः कोल्हापूर दरबार, हे महत्त्वाचे आश्रयदाते. आरंभीच्या काळात संस्थानिकांच्या भेटीगाठींचे काम नामजोशींनी अंगावर घेतले. पुढे चिटणीस या नात्याने गोखले सुट्टीच्या दिवसांत निधीसाठी फिरत. देणगीच्या रकमेनुसार देणगीदारांचे वर्ग ठरलेले असत आणि त्याप्रमाणे नियामक सभेत त्यांना प्रतिनिधित्व मिळे. देणग्यांबाबत दोन गोष्टी जपाव्या लागत. यादीत टाकलेला आकडा आणि हाती आलेली रक्कम यांत नेहमी अंतर राही. इमारतीचे कंत्राट वसूल झालेल्या रकमेवरच द्यायचे, हा नियम मोडला की कर्ज होई. दुसरे म्हणजे देणगीदाराला आपल्या नावाची खोली, शिष्यवृत्ती किंवा पारितोषिक हवे असे. दिवाबत्ती, छपराची डागडुजी, कारकुनाचा पगार यांसाठी कोणी स्वखुशीने पैसे देत नसे. म्हणून देणगी स्वीकारतानाच तिच्यातून उभ्या राहणाऱ्या वास्तूच्या देखभालीचा विचार करावा लागे. गद्रे वाडा अपुरा पडल्यावर शहराबाहेर भांबुर्ड्याच्या (आजच्या शिवाजीनगरच्या) बाजूस इमारत उभारून १८९५ मध्ये महाविद्यालय तेथे गेले. जागा मोकळी मिळाली, वसतिगृहे बांधता आली. त्याबरोबर राखण, रस्ते आणि पाणी हा कायमचा खर्चही आला.

सरकारी अनुदान. हे वार्षिक चालू खर्चासाठी आणि प्रसंगविशेषी इमारत वा साहित्यासाठी मिळे. इमारतीच्या अनुदानासाठी संस्थेने आपला हिस्सा आधी जमवून दाखवावा लागे. अनुदान तपासणीच्या अहवालावर अवलंबून असल्याने हाजिरीपट, फीचे रजिस्टर आणि ग्रंथालयाची नोंदवही चोख ठेवणे हे केवळ कारकुनी काम राहत नसे. शिक्षकांच्या राजकारणाकडे सरकारचे बारीक लक्ष असे. १८९७ नंतर आणि पुन्हा १९०८ च्या सुमारास ते अधिक कडक झाले. अनुदान घेणारी संस्था स्वतंत्र राहते खरी, पण तिला प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने चित्र पालटले. संलग्नतेसाठी रीतसर नियामक मंडळ, पात्र अध्यापकवर्ग, योग्य इमारत, विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय, ग्रंथालय, विज्ञान शिकवायचे तर सुसज्ज प्रयोगशाळा आणि टिकाऊ आर्थिक स्थिती, या अटी कायद्यात आल्या. अर्ज विद्यापीठाकडे करायचा, तपासणी व्हायची, आणि शेवटचा निर्णय सरकारचा. एक कलम स्वदेशी महाविद्यालयांना विशेष लागणारे होते : शेजारच्या महाविद्यालयाशी घातक स्पर्धा होईल इतकी फी कमी ठेवता येणार नाही. कमी फी हीच ज्यांची शिक्षण पसरविण्याची पद्धत, त्यांचे हात यामुळे बांधले गेले. प्रयोगशाळेच्या अटीने खर्चाचे स्वरूपही बदलले. भाषा, तर्क वा इतिहास शिकवायला त्यागी माणूस, फळा आणि पुस्तके पुरत. रसायन व पदार्थविज्ञान शिकवायला काचसामान, उपकरणे आणि दर वर्षी संपणारी द्रव्ये लागतात. ती कोणी ७५ रुपयांत देत नाही. न घेतलेल्या पगाराची जागा रोख पैशाने भरून काढण्याची गरज येथून सुरू झाली, आणि अनुदानावरचे अवलंबन वाढले.

प्रसार. आजीव सदस्यत्वाची कल्पना महाराष्ट्रात इतरत्रही रुजली. गोखल्यांनी १९०५ मध्ये स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात अल्प वेतन व आजन्म सेवा हेच सूत्र होते. कर्व्यांनी हिंगण्याच्या स्त्रीशिक्षणाच्या कामासाठी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला तो याच धर्तीवर. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीस विलिंग्डन महाविद्यालय उघडले. आजीव सदस्य एका महाविद्यालयाचे नव्हे, संस्थेचे असल्याने त्यांना पुण्याहून सांगलीला पाठविता आले, आणि नव्या महाविद्यालयाला पहिल्या वर्षापासून अनुभवी प्राध्यापक मिळाले.