गोव्यात कालवांची शेती करायचीय? आधी पाणी, मग फॉर्म

हल्ली जो तो विचारतो, कालवं नि शिनाणे (म्हणजे ऑयस्टर नि मसल, शिंपल्यातले जीव) पाळायला सबसिडी आहे म्हणे, फॉर्म कुठे मिळतो? सबसिडी आहे, पण फॉर्म सगळ्यात शेवटी. दोरीला शिंपल्या वाढवणं गोव्याला नवीन नाही, दोनापावलच्या एनआयओनं (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) 1970च्या दशकातच तराफ्याला दोर सोडून शिनाणे वाढवून दाखवले होते. अडतं ते पाण्याच्या परवानगीत.

नदी तुमच्या मालकीची नसते. घरामागेच शापोरा नाहीतर साळ वाहत असली तरी पात्र सरकारचंच, त्यामुळे एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) फक्त काठावरच्या जमिनीपुरता कामाला येतो. म्हणून पहिली फेरी पणजीला मत्स्योद्योग खात्यात, जागेचा नकाशा घेऊन, आणि सीआरझेडचं (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम) काय, होड्यांच्या वाटेत दोर बांधायचे खांब येतात का हेही तिथेच स्पष्ट विचारून घ्या. शेजारचे रापणकार (काठावरून मोठं जाळं ओढणारे) नि जाळीवाले यांच्याशी आधीच बोललेलं बरं, नाहीतर खांब रोवायच्या दिवशी भांडण ठरलेलं.

2005च्या किनारी मत्स्यशेती कायद्यात 2023ला दुरुस्ती झाली नि शिंपल्यांची शेतीसुद्धा त्यात आली, म्हणजे किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाकडे नोंदणी हवी, ती 5 वर्षांची असते, पुढे रिन्यू करायची.

पैशांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना, 2020ची. जनरलवाल्यांना ठरलेल्या युनिट खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत, बायका आणि एससी-एसटी असतील तर 60 टक्क्यांपर्यंत. आमच्याकडे ओहोटीला चिखलात उतरून कालवं काढतात त्या बहुतेक बायकाच, तेव्हा घरच्या बाईच्या नावानं अर्ज करा, पण काम नि पासबुक दोन्ही तिच्याच हातात असू द्या, नुसती सहीपुरती नको. हातात काहीच नसताना सबसिडीच्या भरवशावर राहू नका, आधी आपले पैसे घालायचे, खात्याचा माणूस येऊन बघतो, मग बँकेत जमा. आणि यंदा अर्ज घेतायत का ते फोन करून विचारा, फुकट फेरी नको.

कागद म्हणाल तर आधार, पासबुक, मामलेदाराकडचा रहिवासी दाखला, जातीचा असेल तर तो दाखला, जागेचा नकाशा नि परवानगी, खर्चाचा प्रोजेक्ट रिपोर्ट, बांबू-दोराची कोटेशनं, ट्रेनिंग केलं असेल तर सर्टिफिकेट. 2024पासून राष्ट्रीय मत्स्य डिजिटल प्लॅटफॉर्म आलाय, तिथे आधार नि मोबाईल नंबरनं नाव नोंदवून ठेवा. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं, गोव्यात आडनावाची तीन-तीन स्पेलिंगं असतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

जागा निवडताना गटाराचं तोंड, जेटी टाळा. कालव पाणी गाळून खातं, पाण्यातली घाणसुद्धा त्याच्याच पोटात जाते, तेव्हा पाण्याची टेस्ट करून घ्या. आणि जुवारीत चिखलीच्या बाजूला मिळणाऱ्या चपट्या शिंपल्या, जुन्या घरांच्या खिडक्यांना लावायचे त्या, वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यांना हात लावायचा नाही.

ही सगळी धावपळ पावसातच उरकून घ्या. पाऊस संपून नदी परत खारी झाली की रिकाम्या शिंपल्यांच्या माळा पाण्यात सोडायच्या, कालवांची पिल्लं त्यांना येऊन चिकटतात, आणि जूनचा गोडा लोंढा यायच्या आत पीक वर काढायचं.