विंडचीटर की रेन जॅकेट? ट्रेकरसाठी भेटवस्तू घेण्याआधी

घरात एखादा डोंगरवेडा असला की त्याच्या वाढदिवसाला काय द्यायचं याची चर्चा फिरून फिरून जॅकेटवर येते. बुटांचं माप नेमकं ठाऊक नसतं, सॅक त्याने स्वतःच पारखून घेतलेली असते, टॉर्च आधीच दोन-तीन पडलेल्या असतात. जॅकेट मात्र एम, एल, एक्सएल एवढ्यात भागतं. मग मामा किंवा मावशी दुकानात जाऊन म्हणतात, "पावसाळी ट्रेकसाठी काहीतरी दाखवा." दुकानदार एक जॅकेट काढतो, बाहीवर बाटलीतलं पाणी ओततो, पाण्याचे मोती होऊन खाली घरंगळतात. "बघा, एकदम वॉटरप्रूफ!" आणि बिल फाडलं जातं.

गंमत अशी की त्या प्रयोगातून जॅकेट वॉटरप्रूफ आहे हे सिद्धच होत नाही. साध्या विंडचीटरवरही पाणी असंच घरंगळतं. विंडचीटर आणि रेन जॅकेट, दोन्हींच्या कापडावर बाहेरून एक रासायनिक फिनिश दिलेलं असतं, त्यामुळे थेंब कापडाला चिकटत नाही. दुकानात आपण तपासतो ते हे फिनिश, कापड नव्हे. खरी परीक्षा नंतर होते: तासभर मुसळधार पाऊस, खांद्यावर सॅकचे पट्टे आणि त्या पट्ट्यांखाली दाबलं जाणारं ओलं कापड. तिथे विंडचीटर हार मानतो. पाणी खांद्यांतून, शिवणीतून, चेनमधून आत येतं आणि पाऊण तासात टी-शर्ट पिळून काढावा अशी स्थिती होते.

यात विंडचीटरचा काहीच दोष नाही. तो पाऊस अडवायला केलेलाच नसतो. बारीक धाग्याचं, घट्ट विणलेलं पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टर, एवढंच त्याचं भांडवल. वीण इतकी दाट की वारा फारसा आत घुसत नाही, पण अंगातली वाफ हळूहळू बाहेर जाऊ शकते. चांगल्या विंडचीटरचं वजन शंभर-दोनशे ग्रॅम असतं आणि तो स्वतःच्याच खिशात गुंडाळून मुठीएवढा होतो. भुरभुर पावसात चालतो, धो धो पावसात नाही.

रेन जॅकेटची रचना वेगळी. बाहेरच्या कापडाच्या आतल्या बाजूला पाणी रोखणारा अखंड थर असतो, पॉलियुरेथेनचा लेप किंवा वेगळा पातळ पडदा. शिवाय प्रत्येक शिवणीवर आतून टेप चिकटवलेली असते, कारण शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या भोकांची रांग. आतला थर कितीही भारी असला आणि शिवणी उघड्या असल्या तर ते जॅकेट गळणारच. अशा जॅकेटच्या लेबलवर ५,०००, १०,०००, २०,००० मिलिमीटर असे आकडे दिसतात. अर्थ सोपा आहे: कापडावर पाण्याचा उभा स्तंभ ठेवला, तर तो किती उंच होईपर्यंत पाणी पार होत नाही. १०,००० मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंचीचा स्तंभ. पावसाच्या थेंबाला एवढा दाब कुठून येणार, असं वाटेल. थेंबाला नसतोच, पण दहा-बारा किलोच्या सॅकच्या पट्ट्याखाली किंवा ओल्या कातळावर टेकून बसताना दाब चांगलाच वाढतो. दीड-दोन हजारांचा आकडा ऑफिसला जाताना लागणाऱ्या सरीला पुरेसा आहे. सॅक घेऊन दिवसभर चालायचं असेल तर दहा हजारांच्या खाली जाऊ नये.

पाणी रोखायचं पण वाफ सोडायची, ही किमया फार जुनी नाही. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन या नावाने ओळखला जाणारा पीटीएफई हा पदार्थ झटक्यात ताणून पाहिला, आणि त्याच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं तयार झाली. छिद्रं इतकी लहान की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफेचा रेणू सहज बाहेर पडतो. त्यातून गोर-टेक्स हे कापड आलं, आणि पुढे स्वस्त-महाग असे त्याचे कितीतरी भाऊबंद. त्याआधी आपल्याकडे रेनकोट म्हणजे कोलकात्याच्या डकबॅकचा जाडजूड रबरी अवतार. पाण्याचा एक थेंब आत यायचा नाही आणि घामाचा एक थेंब बाहेर जायचा नाही.

इथवर वाचून वाटेल, विषय संपला, रेन जॅकेट घ्या. थांबा, कारण सह्याद्रीच्या पावसात इथेच गोची होते.

पाऊस, २०-२२ अंश तापमान, हवेत जवळजवळ शंभर टक्के दमटपणा, आणि तुमचा भाचा राजगडाची चोर दिंडीची वाट धापा टाकत चढतोय. अशा चढावर माणसाला तासाला लिटरभर घाम येऊ शकतो. आता लेबलवरचा दुसरा आकडा बघा: १०,००० ग्रॅम, म्हणजे एक चौरस मीटर कापडातून चोवीस तासांत एवढी वाफ बाहेर जाते. भागाकार केला तर तासाला साधारण चारशे ग्रॅम, आणि तेही प्रयोगशाळेतल्या सोयीच्या हवेत. वाफेला बाहेर ढकलणारी शक्ती म्हणजे आतल्या-बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचा फरक. कोरड्या थंडीत तो भरपूर असतो. जुलैतल्या घाटमाथ्यावर, जिथे बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते, तो खूप कमी उरतो. त्यातून पाठ सॅकने झाकलेली. थोडक्यात, पंधरा हजार रुपयांचं जॅकेट घालूनही माणूस भिजतो, फक्त पावसाऐवजी स्वतःच्या घामाने. म्हणून काखेखाली उघडता येणाऱ्या लांब चेन असलेलं मध्यम किमतीचं जॅकेट मला बिनचेनच्या महागड्या पडद्यापेक्षा जास्त कामाचं वाटतं. हवा खेळायला मोकळी वाट हवी, हे मावळातल्या आणि कोकणातल्या शेतकऱ्याला कधीचंच ठाऊक आहे. भातलावणी करताना पाठीवर घेतलेलं इरलं खालून आणि पुढून उघडं असतं. पाणी वरून ओघळून जातं, वारा खालून फिरतो, घाम साचत नाही. घोंगडीची खोळ हाही त्यातलाच प्रकार, वर ओली झाली तरी ऊब देणारी.

पोंचो हा त्या इरल्याचाच नवा अवतार. सॅकसकट सगळं झाकतो, हवा खेळती ठेवतो, स्वस्त असतो. पण कड्यावर वारा सुटला की तोंडावर येऊन फडफडतो आणि कातळटप्पा उतरताना पावलं दिसू देत नाही. सपाट जंगलवाटेला उत्तम, अवघड वाटेला नको.

मग मुरलेले ट्रेकर पावसात करतात तरी काय? त्यांतले बरेच जण चढताना सरळ भिजतात. अंगात लवकर वाळणारा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, सॅकला कव्हर, कोरडे कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले. चालणाऱ्या शरीराला ओलेपणाचा त्रास फारसा होत नाही. त्रास सुरू होतो तो माथ्यावर पोचून थांबल्यावर, वारा लागल्यावर. पाणी वाळताना उष्णता शोषून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० किलोकॅलरी लागतात आणि त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या अंगातून जातात. वारा जितका जोराचा तितकं हे लवकर होतं. नाणेघाटात पावसाळ्यात धबधबा उलटा वर उडताना ज्याने पाहिलाय, त्याला घाटमाथ्यावरच्या वाऱ्याचा जोर वेगळा सांगायला नको. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर खाली टाकलेली हलकी वस्तू परत अंगावर येते. अशा वाऱ्यात ओल्या सुती टी-शर्टवर अर्धा तास गप्पा मारत बसलेला माणूस दात वाजवायला लागतो, मग हवामान खातं २० अंश का सांगेना. त्या क्षणी ओल्या टी-शर्टवर चढवलेला दीडशे ग्रॅमचा विंडचीटर फार मोलाचा. पाणी अडवत नसला तरी वारा अडवतो, आणि खरा मारेकरी वाराच असतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: ज्याचे ट्रेक रविवारचे, पुणे-मुंबई-नाशिकहून सकाळी निघून रात्री घरी परतण्याचे, राजमाची, कळसूबाई, अंधारबन अशा वाटांचे, त्याला चांगला विंडचीटर द्या. तो पावसाळ्यात माथ्यावर वापरेल, डिसेंबरात पहाटेच्या थंडीत वापरेल, सायकलवर आणि पळायला जातानाही. वर्षभर सॅकच्या वरच्या कप्प्यात पडून राहील अशी ही वस्तू आहे. रेन जॅकेट द्यायचंच असेल तर काखेच्या चेन बघून द्या, आणि तो तक्रार करील याची तयारी ठेवा.

हिमालयात जाणाऱ्याचा हिशेब अगदी उलटा. जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला किंवा हंपटा पासला निघालेल्या माणसाला शिवणीवर टेप असलेलं खरं रेन जॅकेटच लागतं. तिथे भिजलो तर भिजलो असं म्हणून चालत नाही. उंची चार हजार मीटरच्या आसपास, पावसाचा कधी बर्फ होईल सांगता येत नाही, आणि रात्री तंबूत कपडे वाळत नाहीत. हायपोथर्मियाला, म्हणजे शरीराचं तापमान धोक्याइतकं खाली जाण्याला, शून्य अंशाची गरज नसते. दहा अंश, ओले कपडे आणि वारा एवढ्यावरही भागतं. रेन जॅकेट वाराही पूर्ण अडवतं, त्यामुळे एकच वस्तू नेणाऱ्याने तेच न्यावं. एक नंबर मोठं घ्या, खाली फ्लीस (मऊ, लोकरीसारखं ऊबदार जॅकेट) आणि पफर (फुगीर, गुबगुबीत जॅकेट) मावायला हवं.

बाइकवरून पायथ्याच्या गावापर्यंत जाणाऱ्यांची जात निराळी. साठच्या वेगात समोरून येणाऱ्या पावसापुढे विंडचीटर काही मिनिटं टिकतो. त्यांना पँटसकट जाड रेनसूट द्या. तो ट्रेकला नेण्याची वस्तू नाही, डिकीत ठेवण्याची आहे. पक्षी बघणाऱ्याला मात्र रेन जॅकेट देताना आधी कापड हातात चुरगाळून ऐका. जाड थराचं कापड हललं की सळसळ वाजतं, आणि समोरचा शमा पक्षी उडून गेला की भेट देणाऱ्याचा उद्धार होतो.

दुकानात ओळखायचं कसं? जॅकेट उलटं करा. शिवणींवर बोटभर रुंदीची गुळगुळीत पट्टी दिसली तर रेन जॅकेट. उघडा दोरा दिसला तर विंडचीटर, लेबल काहीही म्हणो. आत जाळीचं अस्तर असेल तर ते बाजूला सारून बघा, कारण अनेक स्वस्त जॅकेटांत त्या जाळीमागे काहीच नसतं. मग बाहीचं कापड ओठांना लावून जोरात फुंकर मारा. हवा थोडी जरी पलीकडे गेली तर आत अखंड थर नाही. दुकानदाराला पाणी ओतायचंच असेल तर ओतू द्या, पण ओतल्यावर तिथे अंगठ्याने मिनिटभर दाबून चोळा आणि आतून ओल लागते का बघा. सॅकचा पट्टा तेच करणार आहे. लेबलवर 'वॉटर रेझिस्टंट' किंवा 'वॉटर रिपेलंट' लिहिलं असेल तर तो विंडचीटर समजून त्याच किमतीला घ्या. चांगला विंडचीटर हजार-दोन हजारांत मिळतो, त्याला चार हजार देण्यात अर्थ नाही.

रंगाचा मोह होतो काळ्या-करड्याचा, शहरात शोभतो म्हणून. धुक्यात मागे राहिलेल्या माणसाचा नारिंगी किंवा पिवळा ठिपका लांबूनही दिसतो, काळा चार पावलांवर हरवतो. जंगलात प्राणी-पक्षी बघायला जाणाऱ्याला तेवढा अपवाद, त्याला मातकट हिरवा. बिल पाकिटात घालून द्या, माप बदलायला लागतं.

आणि भेटीसोबत धुण्याच्या सूचना तोंडी सांगा, कारण आतलं चिटोरं कोणी वाचत नाही. पाण्याचे मोती घरंगळायचे थांबले म्हणजे जॅकेट वाया गेलं असं नाही, बाहेरचं फिनिश मळलंय किंवा झिजलंय. सौम्य साबणाने धुऊन, लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवली की ते बरंचसं परत येतं. नाही आलं तर त्याचा स्प्रे मिळतो. या फिनिशमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेलेली पीएफएएस जातीची रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांना बंदी घातली आहे, त्यामुळे नव्या जॅकेटांवर 'पीएफएएस-फ्री' असं लिहिलेलं दिसतं. ते फिनिश जरा लवकर उतरतं, धुणं थोडं जास्त वेळा लागेल. कपडे मऊ करणारं लिक्विड मात्र दोन्ही जॅकेटांना वर्ज्य.

रेन जॅकेटचा मोठा शत्रू पाऊस नसून कपाट आहे. ओलसर जॅकेट घडी घालून पिशवीत कोंबलं आणि वर्षभर मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलं, तर पॉलियुरेथेनचा आतला थर चिकट होतो आणि पापुद्रे सुटायला लागतात. हे नव्या मालातही होऊ शकतं, गोदामात दोन-तीन पावसाळे पडून राहिला असेल तर. म्हणून सेलमधलं जॅकेट घेताना आतल्या थरावरून बोट फिरवून बघा. चिकट लागलं, तर पन्नास टक्के सूट असली तरी ते हँगरला परत लावा.